एचआयव्हीची गोळी सुरू करताना: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की माणूस हाताला लागेल ते आधी करतो. कुणी चुलतभावाला फोन लावतो, कुणी मोबाइलवर काढे शोधतो, कुणी दुसऱ्या लॅबमध्ये आणि मग तिसऱ्या लॅबमध्ये रक्त देतो. यात दोन-चार महिने जातात आणि तेवढ्यात विषाणूला मोकळं रान मिळतं. गोळी सुरू झाल्यावरही गोंधळ थांबत नाही. बरं वाटलं की गोळी बंद, सीडीफोर (रक्तातल्या संरक्षक पेशींचा आकडा) वाढला की कंडोम बंद, बाळंतपणाला माहेरी गेलं आणि औषधांच्या नोंदींची पुस्तिका राहिली सासरी.

वेळेवर औषध घेणारा माणूस आज इतरांसारखं पूर्ण आयुष्य जगू शकतो आणि जोडीदाराला लागण होऊ न देता संसारही करू शकतो. त्यासाठी खालच्या पायऱ्या याच क्रमाने चढा.

## १. रिपोर्ट पक्का करा, पण एकदाच

ऑपरेशनआधी किंवा लग्नाआधी खासगी लॅबमध्ये केलेली एका कार्डवरची चाचणी म्हणजे पक्कं निदान नव्हे. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी होते त्या केंद्रात जा. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत हे केंद्र असतं, बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांतही असतं. तिथे तीन वेगवेगळ्या किटवर रक्त तपासतात आणि तिन्हींवर पॉझिटिव्ह आलं तरच तसा रिपोर्ट देतात. पैसे लागत नाहीत. तपासणीआधी समुपदेशक तुमच्याशी बोलतात आणि संमती घेतात.

नुकताच धोका घडला असेल आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. मधल्या काळात कंडोम वापरा.

आयसीटीसीचा रिपोर्ट आला की लॅबच्या चकरा थांबवा. ‘वर्षभर गोळ्या घेतल्या, आता निगेटिव्ह झालो का ते बघू’ म्हणून पुन्हा तीच तपासणी करणारे खूप आहेत. या तपासणीत विषाणू दिसत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं दिसतात. औषध उत्तम चालू असलं तरी ती रक्तात राहतात आणि रिपोर्ट पॉझिटिव्हच येतो. मग माणूस खचतो आणि गोळी सोडतो. औषध लागू पडतंय का, हे सांगणारी तपासणी वेगळी आहे. ती पाचव्या पायरीवर येते.

## २. एआरटी सेंटरला जाण्याआधीची तयारी

एआरटी म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारं औषध, आणि ते मिळतं ते एआरटी सेंटर. नोंदणीला जाताना सोबत काय न्यायचं: आयसीटीसीचा रिपोर्ट, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, दोन-तीन फोटो, जुन्या आजारांचे कागद, आणि सध्या चालू असलेल्या प्रत्येक औषधाचं पाकीट. नावं लक्षात ठेवू नका, पाकीटच न्या. पहिल्या दिवशी रक्त देणं, डॉक्टर, समुपदेशन यांत दुपार होते, म्हणून पूर्ण दिवसाची सुट्टी काढा.

फोन नंबर देताना नीट विचार करा. तारीख चुकली की सेंटरवरून फोन येतो. दिलेला नंबर तुम्हीच उचलता का? घरातला एकच फोन शाळकरी मुलाच्या हातात असेल तर ते तिथेच सांगा. कधी फोन करायचा आणि काय बोलायचं, हे ठरवून घेता येतं.

डॉक्टर चार गोष्टी विचारतील: खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलंय का, रात्री घाम सुटतो का. इथे काहीही दडवू नका. हे टीबीचे प्रश्न आहेत आणि एचआयव्ही असलेल्यांचा जीव सर्वांत जास्त टीबीच घेतो. टीबी सापडला तर आधी त्याचं औषध आणि लगेच मागोमाग एआरटी असा क्रम असतो. टीबी नसेल तर तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्या देतात. साधारण सहा महिने आयसोनियाझिड आणि जोडीला बी-६ जीवनसत्त्व. तोही कोर्स पुरा करायचा.

हे स्वतःहून सांगा: टीबीचं औषध चालू आहे का, फिट्सच्या गोळ्या चालू आहेत का, मधुमेह आहे का, मूत्रपिंडाचा त्रास आहे का, कावीळ बी झाली होती का. यातल्या प्रत्येक उत्तरावर पुढचा डोस ठरतो.

सीडीफोर किती का असेना, औषध आता लगेच सुरू होतं. ‘सीडीफोर खाली गेल्यावरच गोळी’ हा नियम २०१७ सालीच गेला. कुणी थांबायला सांगितलं तर त्याचं वैद्यकीय कारण विचारा. मेंदूज्वरासारख्या काही आजारांत डॉक्टर मुद्दाम थोडं थांबतात, ते योग्य असतं.

## ३. गोळी: वेळ, डबी आणि बाकीची औषधं

आज बहुतेक प्रौढांना टीएलडी मिळते. टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम एकाच गोळीत. दिवसातून एकदा घ्यायची. तुमची गोळी वेगळी असेल तर तिचे नियम सेंटरवर लिहून घ्या.

वेळ. रोज न चुकता घडणाऱ्या कामाला गोळी बांधा: सकाळचा चहा, रात्रीची मालिका, शिफ्टचा डबा. रात्रपाळी आणि दिवसपाळी आलटून पालटून असेल तर दोन्हींत तुम्ही हमखास जागे असाल अशी वेळ शोधा. गोळीने झोप उडत असेल तर ती सकाळी घ्या.

उपवास. टीएलडी रिकाम्या पोटी चालते. तरीही ‘जेवल्याशिवाय घेत नाहीत’ या समजुतीने नवरात्रात नऊ-नऊ दिवस गोळी बंद ठेवणारे लोक आहेत. उपवासाच्या दिवशीही पाण्याबरोबर गोळी घ्या. रोजे असतील तर इफ्तारनंतरची किंवा सहरीची वेळ ठरवा आणि महिनाभर तीच पाळा.

डबी. बाटली खडखडते म्हणून, किंवा नाव दिसतं म्हणून, लोक गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून कपाटात ठेवतात. त्या ओल धरतात. बाटलीत एक छोटी पुडी असते, ती ओल शोषते. ती फेकू नका. आवाज नको असेल तर बाटलीत वर स्वच्छ कापूस भरा, गोळ्या हलत नाहीत. लेबल फाडायचंच असेल तर त्याआधी औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख पुस्तिकेत लिहून ठेवा.

बाकीची औषधं. इथे सर्वांत जास्त चुका होतात, कारण त्या चुका वाटतच नाहीत. अॅसिडिटीचं पांढरं-गुलाबी औषध डोल्युटेग्राव्हिरला आतड्यात बांधून ठेवतं आणि गोळी रक्तात पोचत नाही. अॅसिडिटीच्या औषधाआधी दोन तास किंवा त्यानंतर सहा तासांनी टीएलडी घ्या. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हाच नियम, फक्त त्या टीएलडीसोबत भरल्या पोटी एकत्र घेतल्या तर चालतात. गरोदर बाईला या दोन्ही गोळ्या आशाताई देतात. तिने हे लिहूनच घ्यावं.

अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक घेऊन रोज खाणाऱ्या कष्टकऱ्यांनी जपायला हवं. टेनोफोव्हिर आणि ही गोळी, दोन्हींचा भार मूत्रपिंडावर पडतो. दुखत असेल तर सेंटरच्या डॉक्टरांना दुसरं औषध विचारा. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिरचा आणखी एक डोस बारा तासांनी लागतो. ती जादा गोळी विसरू नका.

दारू सोडलेली उत्तम. पण ज्या दिवशी प्यायली त्या दिवशी गोळी टाळणं ही दुसरी चूक आहे. त्या दिवशीही गोळी घ्या.

गोळी राहिली तर: आठवेल तेव्हा लगेच घ्या. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी उरले असतील तर राहिलेली सोडून द्या आणि पुढची वेळेवर घ्या. दोन एकदम घेऊ नका.

तपासा: महिन्याच्या शेवटी बाटलीत किती गोळ्या उरल्या? हिशोबापेक्षा दोन किंवा जास्त उरल्या असतील तर पुढच्या भेटीत समुपदेशकांना सांगा. रागावतील म्हणून उरलेल्या गोळ्या घरी लपवून जाणारे लोक असतात. त्याने नुकसान आपलंच होतं, कारण वेळ का चुकते ते कुणी शोधतच नाही.

## ४. पहिले तीन महिने

मळमळ, डोकेदुखी, झोप कमी होणं हे पहिले काही दिवस होऊ शकतं आणि बहुतेकांचं आपोआप थांबतं. गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका.

एक गोष्ट लोकांना फार घाबरवते. गोळी सुरू होते आणि काही आठवड्यांत ताप येतो, मानेत गाठी येतात, खोकला वाढतो. घरचे म्हणतात, औषध उलटलं. शरीराची प्रतिकारशक्ती जागी झाल्यावर आधीपासून दबून असलेला टीबी किंवा दुसरा संसर्ग असा डोकं वर काढतो. यावर उपचार आहेत. गोळी चालू ठेवून त्याच आठवड्यात सेंटर गाठा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

त्याच दिवशी दवाखान्यात जा: डोळे पिवळे, तापासह अंगभर पुरळ, असह्य डोकेदुखी, दम लागणं, नजर अंधूक होणं.

वजन वाढणं आणि साखर चढणं यांकडेही लक्ष ठेवा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर टीएलडीसोबत दिवसाला १००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सहसा देत नाहीत. मधुमेहाच्या डॉक्टरांना टीएलडीचं नाव कळलंच पाहिजे.

आहाराबद्दल थोडक्यात: घरचं साधं जेवण, डाळी-उसळी, अंडी जमली तर अंडी, उकळलेलं पाणी. महागड्या पावडरी लागत नाहीत. ‘एचआयव्ही मुळापासून बरा’ म्हणून विकला जाणारा काढा तर घरात आणूच नका. तो घेताना लोक गोळी थांबवतात. आणि ज्यांना कावीळ बीसुद्धा आहे त्यांनी टीएलडी अचानक थांबवली तर यकृताला गंभीर सूज येऊ शकते.

## ५. व्हायरल लोड: हा कागद सांभाळा

सीडीफोर म्हणजे तुमचं सैन्य किती उरलंय त्याचा आकडा. रक्तात विषाणू किती आहे ते व्हायरल लोड सांगतो. लागण पसरेल का, हे ठरतं व्हायरल लोडवर. सीडीफोर ७०० असूनही व्हायरल लोड चढलेला असू शकतो. सीडीफोरचा कागद पाहून कंडोम सोडणारी जोडपी इथेच फसतात.

एआरटी सेंटरमार्फत ही तपासणी मोफत होते. औषध सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात, पुढे वर्षातून एकदा. तारीख उलटून गेली आणि कुणी रक्त घेतलं नाही, तर तुम्हीच विचारा. रक्त देऊन घरी येऊ नका, रिपोर्ट कधी येईल तेही विचारा आणि आला की त्याचा फोटो काढून ठेवा.

रिपोर्ट कसा वाचायचा:

- विषाणू सापडला नाही, म्हणजे ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ लिहिलेलं असेल, तर हेच हवं होतं. गोळी अशीच चालू ठेवा.
- आकडा आहे, पण १००० पेक्षा कमी: औषध काम करतंय. गोळ्या कुठे चुकतात ते शोधा आणि पुढचा रिपोर्ट चुकवू नका.
- १००० किंवा जास्त: लगेच औषध बदलत नाहीत. आधी समुपदेशन, रोजच्या रोज नियमित गोळी, मग साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तरीही आकडा चढाच असेल तर पुढच्या औषधांचा विचार होतो.

विषाणू सापडत नाही अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. धीर द्यायला म्हणून हे सांगत नाही. २०१६ आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ या युरोपातल्या दोन अभ्यासांत कंडोमशिवाय हजारो संबंध नोंदले गेले आणि औषधावर असलेल्या जोडीदाराकडून एकही लागण झाली नाही. त्याआधी औषध लवकर सुरू केल्याने जोडीदार वाचतो हे ज्या मोठ्या चाचणीत दिसलं, तिच्यात पुण्यातली आणि चेन्नईतली जोडपीही होती.

सावधान: हे लैंगिक संबंधांपुरतं खरं आहे. रक्तदान कधीच करायचं नाही. सुई कुणासोबतही वाटून घ्यायची नाही.

## ६. जोडीदाराचं रक्षण

क्रम असा ठेवा. आधी जोडीदाराची तपासणी. मग विषाणू न सापडल्याचे सहाव्या आणि बाराव्या महिन्याचे रिपोर्ट हातात येईपर्यंत प्रत्येक वेळी कंडोम. त्यानंतरचा निर्णय दोघांनी मिळून, समुपदेशकांसमोर बसून घ्यायचा. नवऱ्याने एकट्याने ठरवून बायकोला सांगायचं असं नाही. कंडोम थांबवला तरी गुप्तरोग आणि नको असलेली गर्भधारणा हे प्रश्न राहतातच, आणि गोळ्या चुकायला लागल्या की कंडोम पुन्हा सुरू.

जोडीदार निगेटिव्ह असेल तर आधी दर सहा महिन्यांनी त्याची तपासणी करा. तोही पॉझिटिव्ह निघाला तर ‘कुणी कुणाला दिलं’ हा प्रश्न रिपोर्टवरून सुटत नाही. ज्याचा रिपोर्ट आधी आला त्याला लागण आधी झाली असं नसतं. बहुतेक घरांत गरोदरपणातल्या तपासणीमुळे बाईचा रिपोर्ट आधी येतो आणि दोष तिच्यावर जातो. हे फार अन्यायाचं आहे.

कंडोम वापरताना या चुका होतात: मोटरसायकलच्या डिकीत किंवा पाकिटात महिनोन्‌महिने ठेवणं, दाताने पाकीट फाडणं, टोकातली हवा न काढणं, ‘जास्त सुरक्षित’ म्हणून दोन एकावर एक घालणं, खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावणं. तेलाने रबर विरतं. वंगण लागलंच तर पाण्याचं जेल घ्या. कंडोम संबंधाच्या सुरुवातीपासून हवा आणि बाहेर येताना मुळाशी धरायला हवा.

घरात काय चालतं? एका ताटात जेवण, एक संडास, एक अंथरूण, मिठी, मुलांचे पापे, सगळं चालतं. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, रेझर, टूथब्रश आणि साखर तपासायची सुई. जखमेचं रक्त सांडलं तर हाताला प्लास्टिकची पिशवी घालून पुसा आणि जागा ब्लीचने धुवा.

## ७. कंडोम फाटला, सुई टोचली: ७२ तासांचं गणित

जखम किंवा त्वचा साबण-पाण्याने धुवा. जखम पिळू नका, चोखू नका, अॅसिड किंवा डेटॉल ओतू नका. मग थेट मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा आणि ‘पेप’ हा शब्द वापरा. पेप म्हणजे धोका घडल्यावर लागण टाळण्यासाठी घ्यायचं औषध. हे औषध जितकं लवकर तितकं चांगलं. दोन तासांत मिळालं तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो आणि मध्येच सोडायचा नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीला हे औषध मिळायलाच हवं.

घरातल्या पॉझिटिव्ह माणसाच्या बाटलीतली गोळी देऊन विषय संपवू नका. तपासणी, पुढच्या तारखा आणि दुसऱ्या आजारांचं औषध त्यात राहून जातं. तोच धोका वारंवार येणार असेल तर आधीपासून घ्यायच्या ‘प्रेप’ गोळीबद्दल डॉक्टरांशी बोला.

## ८. बाळ हवंय, बाळ येतंय

मूल हवं असेल तर आधी दोघांचे रिपोर्ट, मग प्रयत्न. विषाणू न सापडणारा व्हायरल लोड असताना राहिलेला गर्भ ही सर्वांत सुरक्षित सुरुवात असते.

गरोदर असताना गोळी एक दिवसही थांबत नाही. शेवटच्या महिन्यांत, ३२ ते ३६ आठवड्यांदरम्यान, पुन्हा व्हायरल लोड करतात. त्यावरून बाळाला कोणतं औषध आणि किती दिवस द्यायचं ते ठरतं. बहुतेक बाळांना सहा आठवडे सिरप असतं. आईचा व्हायरल लोड जास्त असेल तर दोन औषधं आणि जास्त दिवस.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत आहे. गोळ्यांचं सगळं बिघडतं ते याच प्रवासात. सातव्या महिन्यातच सेंटरवर सांगा, माहेरच्या तालुक्याजवळचं सेंटर आणि प्रसूतीचं रुग्णालय ठरवून घ्या, आणि एआरटीची पुस्तिका हातपिशवीत ठेवा. बाळाचा पहिला डोस जन्मानंतर लगेच द्यायचा असतो, तेव्हा धावाधाव करून चालत नाही.

दूध पाजायचं ठरलं असेल तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मध चाटवणं नाही, बाळगुटी नाही, साखरेचं पाणी नाही, मध्येच गाईचं दूध नाही. वरच्या गोष्टींनी बाळाच्या आतड्याला इजा होते आणि विषाणूला वाट मिळते. ‘डॉक्टरांनी सहा महिने काहीच द्यायला मनाई केलीय’ एवढं आजीला सांगितलं तरी पुरतं, कारण हाच सल्ला सगळ्याच बाळांना असतो. आईची गोळी या काळात एकदाही चुकता कामा नये. औषधाने दुधातून लागण होण्याचा धोका फार कमी होतो, शून्य होत नाही.

बाळाची तपासणी दीड महिन्याच्या लसीच्या सुमारास होते, मग सहाव्या आणि बाराव्या महिन्यात. शेवटचा निकाल अठराव्या महिन्यात किंवा दूध तोडल्यावर तीन महिन्यांनी, यात जे नंतर येईल तेव्हा.

सावधान: अठरा महिन्यांच्या आत खासगी लॅबमध्ये साधं कार्ड करू नका. त्यात आईची प्रतिपिंडं दिसतात आणि निरोगी बाळही पॉझिटिव्ह ठरतं.

## ९. कुणाला सांगायचं

जोडीदाराला सांगायचंच, आणि लवकर. जमत नसेल तर समुपदेशकांच्या खोलीत सांगा. मारहाणीची किंवा घराबाहेर काढलं जाण्याची भीती असेल तर ते समुपदेशकांना आधी सांगा. अशा वेळी, विशेषतः बाईच्या बाबतीत, तिची माहिती जोडीदाराला देऊ नये असं कायद्यातच आहे. बाकी नातेवाइकांना सांगायची घाई नको. आधी एकच माणूस निवडा, जो तुम्ही आजारी पडलात तर गोळ्या आणायला जाईल.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, नोकरीसाठी रिपोर्ट मागता येत नाही, दवाखान्यात उपचार नाकारता येत नाहीत. नाकारले तर नकार लेखी मागा, तारीख आणि वेळ टिपून ठेवा, आणि याच कायद्याखाली नेमलेल्या राज्याच्या लोकपालाकडे तक्रार करा. वीस किंवा जास्त माणसं काम करत असलेल्या रुग्णालयात तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. आधी तिथेच अर्ज द्या आणि पोच घ्या.

## १०. गाव सोडताना

ऊसतोडीला, वीटभट्टीला, बांधकामावर किंवा शिक्षणासाठी बाहेर जाणाऱ्यांनी निघायच्या किमान पंधरा दिवस आधी सेंटरवर जावं. थोड्या दिवसांसाठी जायचं असेल तर जादा महिन्यांच्या गोळ्या मागा. प्रकृती स्थिर असलेल्यांना तीन महिन्यांच्या एकदम मिळू शकतात. दसऱ्यानंतर निघून चैत्रापर्यंत कारखान्यावर राहणार असाल तर तिथल्या जवळच्या सेंटरवर नाव बदलून घ्या आणि बदलीचा कागद सोबत ठेवा.

गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, एक आठवड्याच्या वेगळ्या. ट्रंक हरवली किंवा पावसात भिजली तरी आठवडा निघतो. पुस्तिकेच्या पहिल्या पानाचा आणि शेवटच्या रिपोर्टचा फोटो फोनमध्ये असू द्या.

परक्या गावात गोळ्या संपल्याच तर घरी परतायची वाट पाहू नका. १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करून जवळचं एआरटी सेंटर विचारा, तिथे फोटो दाखवा आणि तात्पुरत्या गोळ्या मागा. मध्ये किती दिवस गोळी नव्हती ते खरं सांगा, म्हणजे पुढचा व्हायरल लोड कधी करायचा ते तिथले डॉक्टर ठरवतील.